वरून चकाचक, खालून भुगा: खान्देशच्या कोरड्या हवेतही जुनी ॲम्बेसिडर का गंजते?

जळगाव किंवा धुळ्यात जुनी ॲम्बेसिडर बघायला गेलं की विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो. "गाडी खान्देशातली आहे, गंजाचं टेन्शन नाही."

हे वाक्य अर्धं खरं आहे. इथली हवा मुंबईपेक्षा कितीतरी कोरडी. अरबी समुद्र धुळ्यापासून जवळपास २०० किलोमीटर लांब, जळगावपासून त्याहून जास्त. खारा वारा इथवर पोहोचत नाही. पण वाक्याचा उरलेला अर्धा भाग मॅटखाली दडलेला असतो. पायाखालची रबरी मॅट आणि तिच्याखालचं तागाचं अस्तर उचललं की कधी कधी थेट खालची जमीन दिसते.

गाडी घेताना फसायचं नसेल, किंवा आजोबांच्या काळापासून दारात उभी असलेली गाडी वाचवायची असेल, तर हा गंज कुठून येतो आणि कुठे बसतो हे आधी समजून घ्यायला हवं.

ॲम्बेसिडर ब्रिटिश गाडी कशी?

ॲम्बेसिडरची ओळख भारतीय असली तरी तिचा सांगाडा ब्रिटिश आहे. इंग्लंडमधल्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ या गाडीचं डिझाइन घेऊन हिंदुस्तान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा इथे ॲम्बेसिडर बनवायला सुरुवात केली. तिच्याआधीची लँडमास्टरही मॉरिस ऑक्सफर्डवरच बेतलेली होती आणि 'बेबी हिंदुस्तान' म्हणजे मॉरिस मायनर. तिकडे मद्रासमध्ये स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती काढली, ती आपली स्टँडर्ड हेरल्ड.

ॲम्बेसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. इंजिन बदललं, बंपर बदलले, जाळी बदलली, पण बॉडीची मूळ रचना शेवटपर्यंत १९५० च्या दशकातलीच राहिली. गंजाची गोष्ट याच रचनेपासून सुरू होते.

आजच्या कारची अख्खी बॉडी विजेचा प्रवाह सोडलेल्या रंगाच्या टाकीत बुडवली जाते, त्यामुळे प्राइमर आतल्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. ही पद्धत मोटार कारखान्यांत १९६० च्या दशकात रुळायला लागली. जस्ताचा थर दिलेला पत्रा बॉडीला सर्रास वापरणं तर त्याहून अलीकडचं. मॉरिस ऑक्सफर्ड या दोन्हींच्या आधी आखलेली गाडी. तिच्या पोकळ भागांत गंजाला अडवणारं फारसं काही असेल, असा विचारच त्या काळच्या रचनेत नव्हता.

गंज म्हणजे नेमकं काय?

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज सुरू होतो. दोन्हींपैकी एक नसेल तर तो थांबतो. पत्र्यावर पाण्याचा पातळ थर बसला की त्याच पत्र्यावर एक छोटी बॅटरी तयार होते. एका ठिकाणी लोखंड विरघळतं, शेजारी प्राणवायू वापरला जातो आणि मधे तांबूस भुकटी साचते. पाण्यात मीठ असेल तर वीज सहज वाहते आणि काम झपाट्याने होतं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनमध्ये हेच मॉडेल एवढं का गंजलं, याचं उत्तर इथेच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा काही पट जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात गंज शिरला की तो पत्रे एकमेकांपासून ढकलून वेगळे करतो. जोड फुगलेला दिसला की समजायचं, आतलं काम बरंच पुढे गेलंय.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. खान्देशातल्या मार्च-एप्रिलच्या दुपारी ती याच्या बरीच खाली असते. म्हणजे वर्षातले कित्येक महिने उघडा पत्रासुद्धा इथे तग धरतो. मग गाडी गंजते कधी?

मे महिना रबर खातो, जून पत्रा

भुसावळ-जळगावचा मे महिना महाराष्ट्राला बातम्यांमधून माहीत आहे. पारा ४५ अंशांना टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून खूप जास्त तापतो. या उन्हाचा पहिला बळी पत्रा नसून रबर असतं. समोरच्या काचेभोवतीचं, दारांच्या कडेचं, डिकीच्या तोंडाचं रबर कडक होतं, आक्रसतं, भेगाळतं. कोरड्या दिवसांत कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडतो. पाणी काचेच्या खालच्या कोपऱ्यातून आत झिरपतं, डॅशबोर्डमागून उतरतं आणि पायाखालच्या अस्तरात मुरतं. तागाचं अस्तर वरून दोन दिवसांत कोरडं लागतं, पण खाली आठवडाभर ओल धरतं. त्यावर रबरी मॅट म्हणजे झाकणच. पावसाळाभर हे चक्र चालतं. पत्रा असा आतल्या बाजूने, वरून खाली गंजत जातो. त्यामुळे गाडीखाली वाकून पाहणाऱ्याला तो खूप उशिरा दिसतो.

दुसरा शत्रू म्हणजे काळी जमीन. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची ही माती कापसाला आणि केळीला जेवढी मानवते तेवढीच पत्र्याला नडते. कारण एकच, ती पाणी सोडत नाही. शेतातून आलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये आतून चिकटलेला चिखल वरून सुकतो आणि आत ओला राहतो. चाकाच्या कमानीच्या वरच्या कोपऱ्यात आणि पुढच्या मडगार्डच्या मागच्या खाचेत असे गोळे वर्षानुवर्षे बसलेले सापडतात. पाण्याचा फवारा मारताना लोक रंग धुतात, हे कोपरे कोणी धूत नाही.

तिसरं कारण खास या भागातलं म्हणावं लागेल. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीला पालाशयुक्त खत भरपूर लागतं आणि सर्वांत जास्त वापरलं जाणारं पालाश म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश, अर्थात पोटॅशियम क्लोराइड. मिठाच्या जातीचंच रसायन. जुन्या गाडीच्या डिकीत खताची पोती टाकून शेतात नेणं ही नेहमीची गोष्ट. पोतं थोडं फाटलेलं असतं, चार दाणे सांडतात, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात जातात आणि पहिल्या ओलीला विरघळतात. समुद्र २०० किलोमीटर लांब ठेवून आपण मीठ स्वतः गाडीत आणलेलं असतं!

गोठ्यात किंवा गोठ्याला लागून उभी राहणारी गाडीही याच कारणाने खालून जाते. गोमूत्रात क्षार असतात आणि तिथली जमीन कधी पूर्ण वाळत नाही. खारट बोअरच्या पाण्याने रोज गाडी धुणाऱ्यांचीही हीच तऱ्हा. आणि 'मुंबईची एक हाती गाडी' म्हणून कौतुकाने आणलेली ॲम्बेसिडर पोकळ भागांत मुंबईचं मीठ घेऊनच कसारा घाट चढलेली असते. इथल्या कोरड्या हवेत तो गंज मंदावतो, पण दर पावसाळ्यात पुन्हा जागा होतो.

कुठे बघायचं?

ॲम्बेसिडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. म्हणून दरवाजाखालून पुढून मागे जाणारी पेटीसारखी पोकळ पट्टी, जिला सिल म्हणतात, ती शोभेची वस्तू नाही. गाडीचं वजन तीच पेलते. सिल आतून कुजली की चारही दारं उघडी ठेवून जॅक लावल्यावर बॉडी किंचित वाकते आणि दारं नीट बंद होत नाहीत. विकत घेण्याआधी ही एक चाचणी केली तरी बरंच कळतं. मात्र जॅकची जागा कुजकी असेल तर जॅक सरळ पत्रा फाडून वर येतो, तेव्हा गाडीखाली हात-पाय घालू नयेत.

सिलनंतर महत्त्वाच्या जागा म्हणजे मागच्या पाट्यांचे टांगे जिथे बॉडीला बसतात तो भाग आणि पुढच्या टॉर्शन बारचा मागचा आधार. हे दोन्ही सस्पेन्शनचे खांदे आहेत. इथला पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल तर गाडी दिसायला कितीही सुंदर असो, ती रस्त्यावर आणण्यासारखी नाही. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत सस्पेन्शन, ब्रेक किंवा सीटबेल्टच्या आधारापासून ३० सेंटिमीटरच्या आत मोठा गंज सापडला तर गाडी नापास होते. हा नियम आपल्याकडे लागू नाही, पण टेप घेऊन स्वतः मोजायला काय हरकत आहे?

बाकीच्या जागा पटकन सांगायच्या तर बॅटरीचा ट्रे, कारण ॲसिडचे थेंब. दारांच्या खालच्या कडा. डिकीची फरशी. हेडलाइटच्या मागची खोबण. दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात. ती धुळीने किंवा हौशी रंगकामाने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी.

पाहणीला लागणारी साधनं घरात असतात. रुमालात गुंडाळलेलं साधं चुंबक बॉडीवर फिरवायचं. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुटी भरलेली आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकायचं. चांगला पत्रा खणखणतो, कुजका भदभदतो.

ब्रेकचे लोखंडी पाइप मात्र वेगळ्या नजरेने बघावेत. ते बाहेरून चिखलाने गंजतात आणि आतूनही, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. फरशीचं भोक आधी दिसतं. ब्रेकचा पाइप गेला हे ब्रेक दाबल्यावर कळतं.

स्टँडर्ड हेरल्डचं गणित उलटं आहे. तिला वेगळी चेसिस आहे आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले, त्यामुळे गंजलेला तुकडा काढून बदलणं सोपं. पण चेसिसपासून दोन्ही बाजूंना निघणारे आडवे हात कुजतात आणि ते वरून दिसत नाहीत. जुन्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणून 'याला गंजच लागत नाही' असं ठामपणे सांगितलं जातं. चेसिस आणि इंजिनमागची भिंत लोखंडाचीच असते, हे सांगायचं राहून जातं. शिवाय ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकमेकांना टेकले की जोडाजवळचं ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतं.

गॅरेजमधले चार लाडके उपाय

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. ट्रकच्या कामावर हात बसलेले डेंटर या पट्ट्यात मिळतात आणि पत्रा ठोकून आकार देण्यात ते शहरातल्या चकचकीत वर्कशॉपला हार जात नाहीत. अडचण कौशल्याची नाही. 'लवकर आणि स्वस्तात करून द्या' या मागणीची आहे.

पहिला उपाय लांबीचा. गंजलेल्या भोकावर जाळी, तिच्यावर लांबी, वर रंग. लांबी पाणी शोषते. मागच्या बाजूने ओल येत राहते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगावर फोड येतो. फोड आला त्या दिवशी भोक आधीपेक्षा मोठं झालेलं असतं.

दुसरा, गाडीखाली डांबर किंवा जाड काळं कोटिंग. स्वच्छ पत्र्यावर चांगलं कोटिंग उपयोगी पडतं. गंजावर मारलं तर ते गंजाचं पांघरूण होतं. खान्देशच्या उन्हात डांबर मऊ पडतं, डिसेंबरच्या थंडीत कडक होऊन तडकतं. तडीतून पाणी आत जातं, बाहेर येत नाही. विकण्याआधी घाईने काळी केलेली फरशी दिसली तर भाव पाडून मागावा किंवा सरळ निघून यावं.

तिसरा उपाय जळक्या ऑइलचा. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल खाली फवारायचं. तेलाने पाणी दूर राहतं हे खरं, म्हणूनच हा उपाय टिकून आहे. पण त्या ऑइलमध्ये आम्ल साचलेलं असतं, ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवतं, कातडीला घातक असतं आणि उरलेलं जमिनीत जातं. पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर आग लागण्याचा धोका वेगळाच.

चौथा रेड ऑक्साईड. याच्याविषयी मोठा गैरसमज आहे. त्याला गंजावरचं औषध समजलं जातं. त्यातला लाल रंग मुळात लोह ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाच्याच कुळातला. रेड ऑक्साईड प्राइमर रंगाला पकड देतो, पण एकट्याने पाणी अडवत नाही. प्राइमर मारून 'रंग पुढच्या वर्षी करू' म्हणून पावसात उभी केलेली गाडी प्राइमरखालून गंजते.

मग टिकतं काय?

क्रम साधा आहे आणि मेहनत त्याच्या पहिल्या पायरीत आहे. भोक पडलेला, पापुद्रे सुटलेला पत्रा कापून काढायचा. चांगला, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचं. तिथे तशाच जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा बसवायचा. गॅस वेल्डिंगची आच पातळ पत्र्याला वाकवते, म्हणून ज्याला गॅरेजमध्ये सीओटू वेल्डिंग म्हणतात ते बरं. सलग टाका न मारता थोडं इथे, थोडं तिथे असं करत जायचं. कामाआधी बॅटरी काढणं आणि मागे काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवणं ही औपचारिकता नाही.

सिल कापण्याआधी गाडीला खालून दोन-तीन ठिकाणी नीट आधार हवा आणि दारांची फट मोजून ठेवायला हवी. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्या तर बॉडी मधोमध बसते. मग दारं कायमची तिरकी.

जिथे गंज नुसता वरवरचा, घट्ट बसलेला आहे, तिथे वायर ब्रशने घासून गंज-रूपांतरक द्रव लावता येतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असतं. आम्ल गंजाचं लोह फॉस्फेट करतं, टॅनिन त्याला काळ्या स्थिर थरात बदलतं. हिरड्यात हेच टॅनिन असतं आणि हिरडा-लोखंडाच्या संयोगातून पूर्वी काळी शाई बनवायचे. रसायन जुनंच आहे, बाटली नवी. पापुद्र्यांवर मात्र ते चालत नाही, कारण खालपर्यंत पोहोचतच नाही.

उघड्या, स्वच्छ पत्र्यावर जस्तयुक्त प्राइमर सर्वांत चांगला. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि पत्र्याला वाचवतं. त्यासाठी जस्ताचा कणन्‌कण लोखंडाला टेकायला हवा, म्हणून गंजावर किंवा जुन्या रंगावर तो मारणं म्हणजे पैसे वाया. त्यावर इपॉक्सी प्राइमर, जोडांवर सीलर, मग रंग.

आणि शेवटचं काम, जे आपल्याकडे जवळपास कोणीच करत नाही. वेल्डिंगच्या आचेने पत्र्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूचा रंग जळालेला असतो. सिलच्या पोकळीत, दारांच्या आत, पाट्यांच्या आधाराच्या पेटीत लांब नळीने पातळ मेण फवारावं लागतं. ब्रिटनमधले जुन्या गाड्यांचे मालक हे काम दर काही वर्षांनी करतात. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मेण पातळ होऊन बारीक फटींत आपोआप शिरतं. फक्त जास्त तापमानाला टिकणारं मेण मागायला हवं, नाहीतर मे महिन्यात ते भोकांतून गळून अंगणात पडेल.

कागदांचं काय?

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी ती नूतनीकरण करावी लागते आणि गाडी आरटीओच्या तपासणीत पास व्हावी लागते. १५ वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आलं होतं. म्हणजे कुजक्या गाडीवर लांबी चोपडत राहणं आता आणखी महाग पडतं.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. अशा नोंदणीला पहिल्यांदा २०,००० रुपये लागतात आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. त्यामुळे १९७० च्या आसपासची ॲम्बेसिडर किंवा हेरल्ड हाती असेल आणि या नोंदणीचा विचार असेल, तर फरशीला लोखंडी चॅनेल ठोकून 'मजबूत' करण्याआधी थांबावं. कुजलेल्या जागी मूळ आकाराचाच पत्रा बसवावा आणि कामाआधीचे, कामानंतरचे फोटो जपून ठेवावेत.

खान्देशातलं वेळापत्रक

वेल्डिंग आणि रंगाचं काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करावं. हवा कोरडी असते, उघडा पत्रा दोन दिवस राहिला तरी लगेच लाल होत नाही. पावसाळ्यात उघडलेला पत्रा रातोरात रंग बदलतो.

अखाजी झाली की रबरं तपासायची. पाइपने काचेवर पाणी सोडायचं आणि आत दुसऱ्याने बसून कोपरे चाचपायचे. गळणारं रबर जूनच्या आधी बदललं तर पुढचं निम्मं काम वाचतं. दारांची आणि सिलची भोकं तारेने मोकळी करायची. पावसाळ्यात गाडी ताडपत्रीत गुंडाळू नये, आत घाम धरतो. वर छप्पर आणि बाजूने वारा असलेली जागा केव्हाही चांगली.

दिवाळीआधी घराबरोबर गाडीचीही सफाई काढायची. मॅट आणि अस्तर बाहेर उन्हात, मडगार्डच्या आतला चिखल हाताने खरवडून बाहेर, डिकीतलं स्पेअर चाक उचलून खालचा खड्डा पुसायचा. अस्तर कुजलं असेल तर नवं घालताना मूळच्या तागाऐवजी पाणी न शोषणारं घ्यावं. ते घालायच्या आधी पंधरा दिवस फरशी तशीच उघडी ठेवायची. ऑक्टोबरच्या उन्हात कुठला कोपरा सुकायला वेळ लावतो, ते त्या पंधरा दिवसांत दिसतं. पुढच्या वर्षीचा गंज तिथेच लागणार असतो.